रोपवाटिकेच्या बियाण्याला थायरम की ट्रायकोडर्मा?

निंबोळी, करंज, शिवण, खैर यांची उगवण बुरशीमुळे मार खाते, हे रोपवाटिका चालवणाऱ्याला सांगायला नको. काळी भुकटी दिसली की अ‍ॅस्परजिलस नायजर, पिवळसर हिरवी असली तर बहुधा फ्लेव्हस. ओल्या टिपकागदावर बी ठेवलं की खरा प्रकार कळतो. बी फुगतं, साल तडकते आणि मूळ बाहेर पडायच्या आत आतला भाग मऊ पडून वास मारतो.

नागपूरजवळच्या हिंगण्याकडच्या आमच्या रोपवाटिकेत बीजप्रक्रियेला दोन्ही वापरून झाली आहेत. थायरम ही रासायनिक बुरशीनाशक पूड, सोयीची यात वाद नाही. किलोला 3 ग्रॅम, कोरड्या बियाण्याला चोळलं की झालं. आपल्या मे महिन्यात, पारा 45 च्या वर असताना, पत्र्याच्या शेडमध्ये पुडा पडून राहिला तरी त्याचं फारसं बिघडत नाही. ट्रायकोडर्मा ही रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, म्हणजे पडला जिवंत. त्याच शेडमधल्या पाकिटात जूनपर्यंत तो मरून, ज्यात मिसळलेला असतो ती नुसती शंखजिऱ्याची पूड उरायची भीती.

तरी माझं मत फिरलं ते हातांमुळे. झाडाचं बी पिशवीत एकेक टोचावं लागतं आणि ते काम आमच्याकडे बायका करतात. पहिल्या पावसानंतरच्या उकाड्यात रबरी हातमोजे बघता बघता घामाने भरतात. मग ते निघतात, कितीही बजावा. संध्याकाळी थायरममुळे बोटांच्या बेचक्यांत लाली, डोळ्यांना चुरचुर. डबा उघडण्याआधी कोणी हात साबणाने धुतले, कोणी नाही, हे बघत उभं राहावं लागतं. त्यात निंबोळी गर काढून धुतलेली, ओलसर. तिच्यावर कोरडी पूड गोळे होऊन बसते. निंबोळी फार काळ राखून ठेवता येत नाही, दोन-तीन आठवड्यांत तिची उगवण झपाट्याने उतरते. ट्रायकोडर्मा मात्र किलोला 10 ग्रॅम, थोड्या गुळाच्या पाण्यात कालवून ओल्या बियाण्यालाही नीट चिकटतो. सावलीत सुकवलं की लगेच टोचायला घ्यायचं.

उगवणीचं म्हणाल तर आकडे मांडून ठेवलेले नाहीत, नजरेचा अंदाज सांगतो. टिपकागदावर थायरमचं बी जास्त स्वच्छ दिसतं. पिशवीत मात्र ट्रायकोडर्माची रोपं मानेपाशी कमी कोलमडतात, निदान आमच्या शेणखताच्या मातीत तरी. थायरम बियाच्या सालीपुरतं राखण करतं. ट्रायकोडर्मा मुळाभोवती वाढतो, रायझोक्टोनियासारख्या बुरशीच्या तंतूंना विळखा घालून त्यांची भिंत विरघळवतो. बियात आधीच शिरलेल्या बुरशीवर दोघांचाही इलाज नाही. तिथे जमिनीवर पडून राहिलेली निंबोळी न उचलता झाडावरची पिवळी झालेली उतरवणं, हाच उपाय. करंज, खैराला रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र पुरवणारे जिवाणू) लावणार असाल तर ट्रायकोडर्माबरोबर ते निर्धास्त लावता येतं.

खैर, शिवणीचं बी पुढच्या वर्षासाठी साठवायचं असेल तर मीही थायरमच लावतो. याच पावसात टोचायचं असेल तर ट्रायकोडर्मा घ्यावा, असं मला वाटतं. पाकिटावरची उत्पादनाची तारीख बघून घ्या, शक्यतो जूनमध्ये, पाऊस पडल्यावर. दुकानाच्या दारात उन्हात रचलेल्या खोक्यातलं पाकीट नको. आणि कार्बेन्डाझिम हे रासायनिक बुरशीनाशक लावलेल्या बियाण्यावर ट्रायकोडर्मा चोळू नका, मरतो.