प्रोजेक्टचा टॉपिक: सिरिंजचा जेसीबी की घरचा कूलर?

भाची यंदा दहावीत, म्हणे मामा विज्ञान प्रदर्शनाच्या प्रोजेक्टसाठी दोन टॉपिक आहेत, यूट्यूबवरचा सिरिंजचा जेसीबी (सिरिंजमधल्या पाण्याच्या दाबानं हलणारं खेळण्यातलं मशीन) नाहीतर घरच्या कूलरवर काहीतरी, कोणता घेऊ? मी म्हटलं थांब बापू, नीट पाहू.

खर्च दोन्हीत फार नाही. जेसीबीला सिरिंजा, नळी, पुठ्ठा, ग्लू गन. कूलर घरात आहेच, फक्त दोन थर्मामीटर पाहिजे, एकाच्या टोकाला ओलं सुती कापड गुंडाळायचं.

मेहनतीत मात्र लय फरक. जेसीबी एका रविवारात होतो (तोही मामाच्याच हातून). कूलरला पंधरा दिवस रोज दुपारी 3 वाजता तीन आकडे वहीत: बाहेरचं तापमान, ओल्या थर्मामीटरचं, अन् कूलरच्या हवेचं. पण मजा तिथंच आहे न. ओलं थर्मामीटर सांगते की पाण्यानं हवा जास्तीत जास्त कुठवर थंड होऊ शकते. समजा बाहेर 44, ओलं 24, कूलरची हवा 27. म्हणजे 20 डिग्री उतरू शकत होती त्यातली 17 उतरली, 85 टक्के. पावसाळ्यात हवाच दमट, ओलं थर्मामीटर जास्त उतरतच नाही, मग कूलर का नुसता चिकचिक करतो ते ग्राफवरच दिसते. विज्ञानही झालं, गणितही.

परीक्षकांच्या प्रश्नांचं म्हणाल तर जेसीबीवर पास्कलचा नियम (बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो) विचारतील अन् बाजूच्या टेबलावरही तोच जेसीबी असेल.

प्रदर्शन आठवड्यावर आलं असेल किंवा पोरगं सातवी-आठवीचं, हातानं जोडण्यात रमणारं असेल तर जेसीबीच बरा. नववी-दहावीचं, आकड्यांची आवड असलेलं असेल तर कूलर, फक्त रीडिंग मे महिन्यात अन् थोडी पावसाळ्यात घेऊन ठेवा, डिसेंबरात नागपुरात कूलर कोण लावते?