बोर्दोचा डावा काठ की उजवा?

वाइनच्या दोन बाटल्या. दोन्हींवर बोर्दो, म्हणजे फ्रान्समधल्या वाइनच्या प्रदेशाचं नाव, लिहिलेलं, दोन्ही लाल, साल एकच, किमतीतही फारसं अंतर नाही. एक मेदोकची, दुसरी सँतेमिलियोंची. घ्यायची कोणती? असं विचारलं की बहुतेक जण वासांची यादी वाचून दाखवतात: हिला ब्लॅककरंट आणि देवदार, तिला प्लम आणि चॉकलेट. यादी खोटी नाही, पण तिच्या भरवशावर बाटली उचलू नये. पाच-दहा वर्षं मुरलेल्या वाइनमध्ये हे वास इतके एकमेकांत शिरतात की सरावलेली नाकंही चकतात. घोट गिळल्यावर हिरड्यांना काय वाटतं, तिथे मात्र दोघी सहज वेगळ्या ओळखू येतात.

आधी नकाशा. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या बोर्दो शहराच्या पुढे एकत्र येतात आणि जिरोंद होऊन समुद्राला मिळतात. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला मेदोक आणि ग्राव्ह, उजव्या हाताला सँतेमिलियों आणि पोमरोल. मेदोकमधली दलदल सतराव्या शतकात डच अभियंत्यांनी चर खणून उपसली, तेव्हा तिथले गोट्यांचे उंचवटे द्राक्षांच्या कामी आले. गोट्यांतून पाणी चटकन झिरपतं, आणि दिवसभर तापलेले दगड वेलीला ऊब देतात. उशिरा पिकणाऱ्या कॅबर्ने सोविन्यों या द्राक्षजातीला नेमकं हेच हवं असतं. पलीकडच्या काठावर चिकणमाती आणि चुनखडी. चिकणमाती ओल धरते, थंड राहते, त्यामुळे तिथे कॅबर्ने कच्ची राहण्याची धास्ती. म्हणून त्या बाजूला राज्य मर्लोचं, कारण ती आधी पिकते. गंमत अशी की या दोन द्राक्षजाती एकमेकींच्या सावत्र बहिणी आहेत. जनुकीय तपासणीत दोघींचं एक पालक सारखंच निघालं: कॅबर्ने फ्राँ.

आता घोट. कॅबर्नेचा मणी लहान, साल जाड, आणि गराच्या मानाने बिया जास्त. तुरटपणा आणणारं टॅनिन सालीत आणि बियांत असतं, म्हणून डाव्या काठाची वाइन टॅनिनने भरलेली. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा ओशटपणा जातो आणि तोंड कोरडं पडतं. फार वेळ उकळलेला कोरा चहा प्यायलात तर हा अनुभव ओळखीचा आहे. मेदोकमधल्या पोयाक किंवा सँतेस्तेफ या गावांची तरुण वाइन तोंडात अरुंद शिरते, मग हिरड्या आवळते, आणि तेवढ्यात आंबटपणा येऊन पुन्हा पाणी सोडवतो. या ओढाताणीमुळे तिची चव गिळल्यानंतरही बराच वेळ जागी असते. मधे मात्र एक पोकळी जाणवते: सुरुवात आहे, शेवट आहे, पोट नाही. ती भरायला तिथले लोक मर्लो मिसळतात. हंगाम थंड गेला आणि कॅबर्ने पुरती पिकली नाही, तर ढोबळ्या मिरचीचा हिरवा वासही डोकावतो. मला तो थोडासा असला तर आवडतो, पण नावडणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

उजवा काठ याच्या उलट. मर्लोची साल पातळ, आंबटपणा कमी, साखर जास्त. त्यामुळे मद्यार्कही बहुधा अर्धा-एक टक्का जास्त, आणि त्याची ऊब घशाला कळते. घोट शिरतानाच रुंद असतो, जिभेचा मधला भाग भरून टाकतो. तुरटपणा नसतो असं मुळीच नाही, पोमरोलच्या चिकणमातीतल्या वाइनमध्ये तो चांगला दणकट असतो. फक्त तो गराआड दबून असतो, आणि बऱ्याच उशिरा कळतो. डावीत आधी हाडं दिसतात, उजवीत आधी मांस.

म्हणून निवडताना मी पहिला प्रश्न विचारतो: बाटली उघडणार कधी? एकदा मी चार वर्षांची पोयाक जेवणाच्या टेबलावर नेऊन तशीच उघडली. पाहुण्यांनी शिष्टाचार म्हणून अर्धा ग्लास संपवला. उरलेली बाटली बूच लावून ठेवली, दुसऱ्या संध्याकाळी चाखली आणि स्वतःवरच चिडलो, इतकी ती खुलली होती. चांगल्या पोयाकला दहा वर्षं द्यावीत. तेवढा धीर नसेल तर निदान दोन तास डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद काचेच्या सुरईत, ओतून ठेवावी. आज घेऊन आजच प्यायची असेल तर सँतेमिलियों. यावर मी फार विचार करत नाही.

दुसरा प्रश्न ताटाचा, आणि तो सोपा आहे. मेदोकच्या टॅनिनला भिडायला प्रथिनं आणि चरबी लागते: भाजलेलं कोकरू, जाड स्टेक. मांस नसेल, किंवा मश्रूम, बदक, मऊ शिजलेलं काही असेल, तर मर्लो जास्त जुळवून घेते. नुसतीच प्यायची असली तरीही तीच.

एवढं सांगून झालं, तरी काठाचं नाव म्हणजे द्राक्षाचं नाव नव्हे. सँतेमिलियोंच्या शव्हाल ब्लाँ या मळ्याच्या वाइनमध्ये निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून जास्त, कॅबर्ने फ्राँ असते. उलट लेबलावर नुसतं मेदोक लिहिलेल्या बेताच्या किमतीच्या बाटलीत निम्मी मर्लो असणं अगदी नेहमीचं. आणि नुसतं बोर्दो लिहिलेली स्वस्त लाल बाटली तर बहुतेक वेळा मर्लोचीच, कारण साऱ्या प्रदेशात सर्वांत जास्त लागवड तिचीच आहे. तेव्हा मागच्या लेबलावर मिश्रणाचं प्रमाण छापलेलं असेल तर पुढच्या नावापेक्षा त्यावर विश्वास ठेवा.

द्राक्षतोडणीचं सालही पाहा. दोन्ही काठ एकाच वर्षी सारखे पिकत नाहीत. १९९६ मध्ये शरद ऋतूतल्या कोरड्या हवेचा फायदा उशिरा पिकणाऱ्या कॅबर्नेला झाला, आणि डावा काठ गाजला. १९९८ मध्ये पावसाआधी मर्लो तोडून झाली होती, म्हणून उजवा काठ वरचढ ठरला.

मानांकनाने मात्र दिपून जाऊ नका. बोर्दोतल्या मळ्यांना दर्जानुसार लावणारी १८५५ ची प्रसिद्ध यादी दलालांनी त्या काळच्या बाजारभावावरून केली, आणि लाल वाइनमध्ये ओ-ब्रियाँ हा ग्राव्हमधला एकमेव अपवाद सोडला तर सगळी नावं मेदोकची. उजवा काठ त्यात औषधालाही नाही. सँतेमिलियोंने आपली यादी १९५५ मध्ये केली आणि ती दर दहा वर्षांनी तपासायचं ठरवलं, त्यावरून कोर्टकज्जेही झाले. पोमरोलला तर अधिकृत मानांकनच नाही, तरी तिथल्या पेत्रुसची गणना जगातल्या सर्वांत महागड्या वाइनमध्ये होते.

दोन्ही घेणं परवडत असेल तर एकाच संध्याकाळी शेजारी-शेजारी ओता, पण उजवी आधी. मेदोकच्या टॅनिनने एकदा तोंड कोरडं पडलं की नंतरची मर्लो पातळ आणि गोडसर वाटते, आणि त्यात तिचा काहीच दोष नसतो. मेदोकची बाटली अर्धी उरली तर बूच लावून दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.