प्रीटॅल्क्स वापरून बघितलं: फॉस कॉन्फरन्स भरवणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

फॉसची, म्हणजे फ्री आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअरची, कॉन्फरन्स भरवायची आणि टॉक मात्र गुगल फॉर्मवर मागवायचे, हा विनोद आपल्याकडे वर्षानुवर्षं चालूये. मग त्या फॉर्मची शीट होते, शीटच्या तीन कॉप्या होतात, आणि त्यातली खरी फायनल कुठली ते एकाच माणसाला माहीत असतं, जो नेमका त्या दिवशी कुणाच्या तरी लग्नाला गेलेला असतो. यंदा पुण्यात एका दिवसाची छोटी कॉन्फरन्स केली तेव्हा म्हटलं बास, आता प्रीटॅल्क्स.

हे पायथन भाषेत, तिच्या जँगो फ्रेमवर्कवर लिहिलेलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. टॉक मागवणं, निवडणं, वेळापत्रक लावणं, स्पीकरशी मेलामेली, सगळं एकाच ठिकाणी. ब्रसेल्सच्या फॉसडेम या फॉस कॉन्फरन्सला हजारो लोक ना तिकीट ना नोंदणी असे थेट येऊन धडकतात, त्यांनी पण २०२४ ला जुनं पेंटाबार्फ सोडून हेच घेतलं, म्हणजे आपल्या दोन हॉलांना पुरेल का ही शंकाच नको.

मला सगळ्यात आवडला तो आऊटबॉक्स. टॉक ॲक्सेप्ट किंवा रिजेक्ट केला की मेल लगेच सुटत नाही, आऊटबॉक्समध्ये पडून राहतो, तुम्ही वाचून पाठवा म्हटलं तरच जातो. ज्यांनी रात्री उशिरा कमिटीची मीटिंग केलीये त्यांनाच याची किंमत कळेल, कारण रात्री भांडून घेतलेले निर्णय सकाळी चहा पोटात गेल्यावर बदलतात आणि तोवर मेल गेलेला नसतो. आणि हो, ॲक्सेप्ट झाल्यावर स्पीकरने स्वतः कन्फर्म करायचं असतं, त्यामुळे "अहो मला वाटलं तुम्ही फोन कराल" हा प्रकार बंद.

रिव्ह्यू करताना स्पीकरची नावं झाकता येतात. आम्ही झाकली, आणि दरवर्षी त्याच स्लाइड घेऊन येणाऱ्या एक-दोन मोठ्या मंडळींचे मार्क बरेच घसरले, बोला आता! पण माणसाने टॉकच्या वर्णनातच "मी अमुक कंपनीत सीनियर" असं लिहिलं असेल तर ते तुम्हालाच हाताने झाकत बसावं लागतं.

वेळापत्रक माउसने ओढून लावायचं, स्पीकरने मी सकाळी नाही म्हणून भरलं असेल आणि तुम्ही त्याला सकाळी टाकलंत तर इशारा येतो. जे काही हलवाल ते ड्राफ्टमध्ये राहतं, रिलीज केलं की नवीन व्हर्जन. ज्या कॉलेजने हॉल दिला होता त्यांनी आदल्या दिवशी संध्याकाळी सांगितलं की मोठा हॉल नाही मिळणार, परीक्षा आहे. शिव्या घातल्या मनातल्या मनात, पण सगळं हलवून नवीन व्हर्जन काढलं आणि ज्यांचा हॉल बदलला फक्त त्यांचेच मेल आऊटबॉक्समध्ये तयार होऊन बसले. शीटवर असतो तर रात्रभर फोनाफोनी.

आता रडगाणं. तिकिटं यात नाहीत, त्यासाठी प्रीटिक्स हे वेगळं भावंड आहे, ते वेगळं बसवा. स्वतःच्या सर्व्हरवर टाकायचं तर टीममध्ये पोस्टग्रेस (डेटाबेस), क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारं) आणि मेल सर्व्हर नीट समजणारा एक तरी माणूस हवाच, "आपण सगळे लिनक्सवाले आहोत की" एवढ्यावर भागत नाही. तेवढं जमणार नसेल तर प्रीटॅल्क्सवाल्यांचं होस्टिंग पैसे देऊन मिळतं, युरोमध्ये, म्हणजे स्पॉन्सर आधी शोधा. चहा-नाश्ता, व्हॉलंटियर, प्रोजेक्टरची केबल याच्याशी याचा काही संबंध नाही, ती शीट राहणारच.

माझ्याकडून पाचापैकी चार. घेणार असाल तर टॉक मागवायच्या आधी स्वतःच एक खोटा टॉक भरून ॲक्सेप्टपर्यंत न्या आणि मेल स्पॅममध्ये तर जात नाही ना ते बघा. आणि टाइमझोन आधी कोलकाता, म्हणजे भारतीय वेळ, करून घ्या, नाहीतर डेडलाइनच्या रात्री पोरं तुम्हाला झोपू देणार नाहीत. येणाऱ्यांना मोबाइलवर वेळापत्रक हवं असेल तर एक्सएमएल एक्सपोर्टची लिंक द्या, अँड्रॉइडवरचं गिगिटी ॲप ती उघडतं, वेगळं ॲप बनवायच्या फंदात पडू नका.