कॅल्शियमचा कॅन, खनिज मिश्रण की बायपास फॅट: म्हशीच्या आंबोणात आधी काय?

आमच्या दाजींनी श्रावणात मुऱ्हा म्हैस आणली. दावणीला आता तीन जनावरं आहेत. मुऱ्हा व्यायला वीस दिवस झालेत आणि दोन्ही वेळचं मिळून ११ लिटर देते. घरच्या पंढरपुरी म्हशीचा गाभणपणाचा आठवा महिना सरलाय, ती आटवलेली (दूध काढणं थांबवलेली) आहे. तिसरी एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) गाय, ती गाभण असून अजून ८ लिटरवर आहे. परवा फोनवर पाच फोटो आले: कॅल्शियमचा कॅन, खनिज मिश्रणाची पिशवी, बायपास फॅटचं पोतं, यीस्टची पुडी आणि टॉक्सिन बाइंडर. खाली एकच ओळ, "पावणं, ह्यातलं नक्की काय घिऊ? सगळं घ्यायचं तर दुधाचं दहा दिवसांचं बिल दुकानातच ठेवाय लागंल."

उत्तर तीन जनावरांना तीन वेगळं आहे. पण पुड्यांकडे वळण्याआधी गव्हाणीत काय पडतं ते बघू.

कोल्हापुरातल्या करवीर-कागलकडच्या गोठ्यात साखर कारखाने पेटले की वाडंच वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. फुकट किंवा जवळजवळ फुकट, हिरवंगार, आणि जनावर आवडीनं खातं. पोटही भरतं. पण त्यातलं प्रथिन सुक्या वजनावर पाच-सहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे कडब्याहून फार उजवं नाही. शिवाय वाड्यात ऑक्झॅलेट असतं. ते चाऱ्यातल्या कॅल्शियमला धरून बसतं आणि दोन्ही मिळून शेणावाटे बाहेर. हळूहळू सवय लावली तर कोटीपोटातले, म्हणजे पहिल्या पोटातले, जंतू बरंचसं ऑक्झॅलेट मोडायला शिकतात. म्हणून हंगाम सुरू झाला की पहिल्या दिवशीच भारा टाकू नये. आठ-दहा दिवसांत वाढवत न्यावं आणि सोबत मक्याचा मुरघास, हत्तीगवत, कडबा काहीतरी ठेवावं.

वाड्यावर चुन्याची निवळी शिंपडा, असा सल्ला सर्रास मिळतो. मीही वर्षानुवर्षं शिंपडली. नंतर एकदा हिशोब मांडला. चुना पाण्यात फार विरघळत नाही. एक लिटर स्वच्छ निवळीत कॅल्शियम जेमतेम एक ग्रॅम, तेही पुरतं नाही. नुकसान काही नाही, पण तेवढ्यावर भागलं असं समजू नका.

कॅन विरुद्ध पिशवी

खरा खर्च इथं होतो, म्हणून जरा थांबून बोलतो. म्हशीच्या एक लिटर दुधातून साधारण १.८ ग्रॅम कॅल्शियम जातं, गाईच्या १.२ ग्रॅम. दाजींची मुऱ्हा ११ लिटर देते, म्हणजे रोज २० ग्रॅमच्या घरात नुसतं दुधातून निघून जातं. चाऱ्यातलं सगळं अंगी लागत नाही, त्यामुळं गव्हाणीत त्याच्या दुपटीहून जास्त पडायला हवं.

आता कॅनचं लेबल वाचा. चांगल्यातल्या चांगल्या द्रव कॅल्शियमच्या १०० मिलीत ३,४०० मिलिग्रॅम, म्हणजे ३.४ ग्रॅम. बऱ्याच कॅनवर याच्या निम्माच आकडा असतो. मिलिग्रॅममध्ये लिहिलं की आकडा मोठा दिसतो, एवढंच. पुढे डी-३ आणि बी-१२ ठळक अक्षरात. उन्हात बांधलेलं जनावर डी स्वतः तयार करतं. बी-१२ तर पोटातले जंतूच बनवतात, त्यांना फक्त कोबाल्ट लागतं, आणि ते मिळतं खनिज मिश्रणातून.

पिशवीचं बघा. भारतीय मानकाप्रमाणं खनिज मिश्रणात किमान २० टक्के कॅल्शियम आणि १२ टक्के फॉस्फरस असतं. मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम टाकलं की १० ग्रॅम कॅल्शियम, ६ ग्रॅम फॉस्फरस, आणि वर जस्त, तांबं, मँगनीज, आयोडीन, कोबाल्ट. म्हणजे शंभर मिली कॅनच्या तिप्पट कॅल्शियम, आणि कॅनमध्ये नसलेलं कितीतरी. दुकानात उभं राहूनच भागाकार करा: रोजच्या मात्रेची किंमत भागिले कॅल्शियमचे ग्रॅम. कॅन जिंकलेला मी अजून पाहिला नाही.

फॉस्फरसचं महत्त्व आपल्याकडं उशिरा कळतं. ते कमी पडलं की म्हैस दावणीचं लाकूड चाटते, चिंध्या चघळते, हाडूक दिसलं की तोंडात धरते. व्याल्यावर दोन-चार आठवड्यांत काहींची लघवी कॉफीसारखी लाल-काळी होते. फॉस्फरस घटल्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्याचा तो रंग. अशा वेळी कॅल्शियम पाजत बसलात तर म्हैस हातची जाईल. डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवायचं. वाड्यावर आणि वाळल्या वैरणीवर पोसलेल्या म्हशीत हे जास्त दिसतं. आंबोणात, म्हणजे कालवलेल्या पेंडीच्या खुराकात, गव्हाचा भुसा (कोंडा) घालायची जुनी रीत उगाच नव्हती, त्यात फॉस्फरस भरपूर असतं.

कॅन अगदीच निरुपयोगी असंही नाही. व्याल्याच्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस चिकातून एकदम कॅल्शियम ओढलं जातं, तेव्हा झटपट शोषलं जाणारं जेल किंवा द्रव कामाला येतं. रोजचं पाजणं म्हणजे मात्र दुकानदाराचा पगार.

आणि आटवलेल्या म्हशीला तर नकोच. हे मी पैसे मोजून शिकलो. चार वर्षांपूर्वी आमची एक म्हैस व्यायला महिना असताना मी मोठ्या मायेनं रोज कॅन पाजत होतो. व्याली, चीक भरपूर दिला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बसली ती उठेना. कान गार, मान कुशीला वळलेली. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं, अगदी हळूहळू, छातीवर हात ठेवून, कारण भसकन सोडलं तर हृदय बंद पडतं. दोन तासांनी म्हैस उभी राहिली. मी म्हटलं, "अहो, महिनाभर कॅल्शियम पाजलंय की." डॉक्टर म्हणाले, "म्हणून तर." पोटातून आयतं मिळत राहिलं की हाडातलं कॅल्शियम काढून रक्तात आणणारी यंत्रणा सुस्तावते. व्याल्यावर अचानक मागणी वाढते तेव्हा ती वेळेवर जागी होत नाही. पंढरपुरीला कॅन बंदच, शेवटचे २१ दिवस तर नक्कीच, आणि खनिज मिश्रण कुठलं नि किती ते डॉक्टरांना विचारून.

चिलेटेड की साधं? चिलेटेड म्हणजे खनिज सेंद्रिय रेणूला जोडलेलं; ते महाग असतं, त्यातलं जस्त-तांबं जास्त अंगी लागतं. मुका माज करणारी (माजाची लक्षणं न दाखवणारी) किंवा वरचेवर उलटणारी (भरवूनही गाभण न राहणारी) म्हैस असेल तर घ्या. बाकी गोठ्याला साधं पुरतं.

एक इशारा: मेंढरं असतील तर हीच पिशवी त्यांना देऊ नका. गाई-म्हशींना लागणारं तांबं मेंढीला साठून विषासारखं बाधतं.

सरकी, शेंगदाणा पेंड की गोळी पेंड

"सरकीशिवाय दुधाला फॅट लागत नाही," हे आमच्याकडं कुणाला खोडायचं नाही. थोडं खरंही आहे, सरकी पेंडीत तेल उरलेलं असतं. पण साल असलेल्या सरकी पेंडीत प्रथिन साधारण २२ टक्के, शेंगदाणा पेंडीत ४० ते ४५. भाव किलोचा बघू नका, भावाला प्रथिनाच्या टक्क्यानं भागा. कधी सरकी स्वस्त पडेल, कधी शेंगदाणा. मूठभर पेंड ग्लासात भिजवून ठेवली की तळाला किती वाळू बसते तेही दिसतं.

गोळी पेंडीचा, म्हणजे कारखान्यात बनलेल्या गोळ्यांच्या तयार खाद्याचा, फायदा असा की प्रथिन, ऊर्जा, मीठ, खनिज एकत्र असतं. मानकाच्या पहिल्या प्रतीत किमान २२ टक्के प्रथिन, दुसरीत २०. पोत्यावर प्रत बघूनच घ्या. अंदाज असा: शरीराला दीड ते दोन किलो, आणि वर म्हशीला दर दोन लिटरला एक किलो, गाईला दर अडीच लिटरला एक किलो. हिरवी वैरण चांगली असेल तर यातनं कमी करता येतं. माझा कल गोळी पेंड मुख्य आणि सरकी किलोभर, असा आहे. नुसत्या सरकीवर म्हैस ठेवणं महाग आणि अपुरं. रवंथ नीट सुरू न झालेल्या रेडकाला सरकी घालूच नका, तिच्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य त्याला पचत नाही.

शेंगदाणा पेंडीची भीती वेगळी, बुरशीची. राधानगरी-गगनबावड्याकडं पावसाळ्यात भिंतीलाही बुरशी येते, तिथं पोत्याचं काय. २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेला कडबा वाळवून घातलेले गोठे मी पाहिलेत, दुसरा इलाजच नव्हता. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष दुधात उतरतं. दुधात त्याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. खराब पेंड थांबवली की तीन-चार दिवसांत दूध बहुतेक साफ होतं. टॉक्सिन बाइंडर मातीचा असतो, अफ्लाटॉक्सिनला बऱ्यापैकी धरतो, बाकीच्या बुरशीविषांना तितका नाही. पावसाळ्यात ठेवा हवं तर, पण काळी पडलेली पेंड त्याच्या भरवशावर घालू नका. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवली की निम्मं काम होतं.

बायपास फॅट

साधं तेल पाजलं तर ते वैरणीच्या तंतूंवर थर धरतं आणि तंतू पचवणारे जंतू मरगळतात. गोडेतेल पाजून फॅट वाढवणारे शेवटी फॅट घालवतात ते यामुळं. बायपास फॅट म्हणजे बहुधा पाम तेलातल्या चरबीला कॅल्शियम जोडलेलं. ते पहिल्या पोटात सुटत नाही, पुढच्या आम्लाच्या पोटात सुटतं. ऊर्जा धान्याच्या दुपटीहून जास्त.

व्यायल्यावर जनावर जितकं देतं तितकं खाऊ शकत नाही, अंगावरची चरबी झडते, माज लांबतो. तिथं याचा उपयोग. दर लिटरला १० ग्रॅम धरलं तर मुऱ्हाला ११० ग्रॅम, व्याल्यापासून ९० दिवस. म्हशीचं ११ लिटर गाईच्या सतराएक लिटरइतकी ऊर्जा खातं, त्यामुळं तिला द्या असंच म्हणेन. शेवटाला आलेल्या ८ लिटरच्या गाईला घालणं म्हणजे पैसे शेणात.

आणि फॅट कमी लागतंय म्हणून घेणार असाल तर आधी भरडा किती पडतो ते बघा. मक्याचा भरडा जास्त, वाळली वैरण कमी, शेण पातळ: असं असेल तर बायपासनं काही होणार नाही, कडबा वाढवा. फॅट तंतूतून येतं. तोवर ५० ग्रॅम खाण्याचा सोडा दिला तर आम्ल आवरतं.

यीस्टची पुडी याच कामाला थोडी मदत करते. भरडा भरपूर असलेल्या गोठ्यात फरक दिसतो, वाड्यावरच्या गोठ्यात मला दिसला नाही. अ‍ॅझोला दाजींच्या यादीत नव्हता, पण कुणीतरी सुचवणारच. किलोभर ओल्या अ‍ॅझोल्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, प्रथिन जेमतेम बारा-पंधरा ग्रॅम. पाव किलो सरकी पेंडीत पन्नासच्या वर मिळतं.

तेव्हा दाजी, खनिज मिश्रणाची पिशवी आजच घ्या, मुऱ्हा आणि गाईला रोज ५० ग्रॅम. बायपास फॅटचं सगळ्यात लहान पोतं, फक्त मुऱ्हाला. बाइंडर पाऊस उघडेपर्यंत. यीस्ट परत. कॅल्शियमचं छोटं जेल पंढरपुरीच्या विण्यासाठी आणून ठेवा, आणि कॅन दुकानातच राहू द्या. मात्रेला आक्काकडं पन्नास ग्रॅमची वाटी मोजून द्या. आंबोण तीच कालवते, आणि "चिमूटभर" म्हटलं की तिची चिमूट मला माहीत आहे.