‘फक्त हाफ इंजिनचं काम आहे’ म्हणून विकली जाणारी पिकअप

टोमॅटोच्या हंगामात आमच्या निफाड तालुक्यात स्वतःची पिकअप नसेल तर क्रेटमागे भाडं मोजावं लागतं, आणि बाजार पडला म्हणून ते भाडं कमी होत नाही. त्यामुळे जुनी गाडी शोधणारे भरपूर आणि त्यांच्यावर टपलेले दलालही भरपूर. माझ्या बाबतीत जे झालं ते तपशिलात लिहितोय, कारण हा धंदा माझ्या एकट्यापुरता थांबलेला नाही.

गाडी २०१३ ची बोलेरो पिकअप, एमएच-१७, म्हणजे श्रीरामपूर पासिंग. त्याच सालाच्या चालू गाड्यांना तेव्हा पावणेतीन-तीन लाख सांगत होते. हा दलाल १,६०,००० म्हणाला आणि इसार घेताना १,४०,००० वर आला. एवढी स्वस्त का, तेही त्याने आपणहूनच सांगून टाकलं. “भाऊ, तुमच्यापासून लपवायचं काय? इंजिनचं थोडं काम आहे. हाफ इंजिन करून घ्या, पाच वर्षं बघायला नको.” गाडीचा दोष स्वतःच्या तोंडाने सांगणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल? मेस्त्रीही त्यानेच गाठून दिला. मेस्त्रीने कान लावून आवाज ऐकला, डिपस्टिक पुसून पाहिली आणि ३५,००० चा आकडा दिला. टायर-बॅटरी धरली तरी सगळं मिळून दोन लाखांच्या आत. तीन लाखांची गाडी दोन लाखांत पडतेय म्हटल्यावर सौदा झाला.

बघायला गेलो तेव्हा गाडी आधीच चालू करून ठेवलेली होती. गार इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं, उठताना निळा धूर किती टाकतं, हे दिसायची सोयच नव्हती. ऑइल घट्ट भरलेलं. झिजलेल्या इंजिनचा खडखडाट आणि धूर अशा ऑइलने काही दिवस दबून राहतो. जाणकार माणूस अशा वेळी इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढतो आणि त्याच तोंडावर नुसतं ठेवतो. झाकण नाचायला लागलं, खालून धूर फसफसायला लागला, की रिंगा आणि लायनर गेले, म्हणजे इंजिन आतून झिजलं. मिनिटभराचं काम, पण दलालाचा मेस्त्री ते कशाला करेल?

इंजिन उतरलं आणि फोन सुरू झाले. हाफ इंजिन म्हणजे हेड, पिस्टन, रिंगा, लायनर. क्रँकला, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, हात लागला की ते फुल. आमचं हाफ बघता बघता फुल झालं. मग ऑइल पंप, मग इंजेक्टर. ३५,००० चे ७८,००० झाले आणि गाडी अजून खोललेलीच. दर वेळी वाक्य एकच: “एवढं केलंय, आता इथे कशाला सोडता?”

क्रँक बोअरिंगच्या दुकानात गेली तेव्हा मी बरोबर गेलो. तिथल्या वयस्कर कारागिराने मायक्रोमीटर लावला आणि मलाच विचारलं, “ही परत आली का?” क्रँक घासली की तिला तेवढं जाड बेअरिंग घालावं लागतं, पाव, अर्धा, पाऊण मिलिमीटर अशी मापं बाजारात मिळतात. ही क्रँक शेवटच्या मापाला टेकलेली होती, म्हणजे पुढे घासायला जागाच नाही. आधीचं घासकाम त्याच्याच हातचं, त्याच मेस्त्रीने आणलेलं, पण गिऱ्हाईक दुसरं.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो तिथे. चारच दिवसांपूर्वी दलालाचा फोन येऊन गेला होता: “खर्च झेपत नसेल तर मी परत घेतो. ५५,००० देतो, ओळखीखातर.” म्हणजे गाडी विकायची, गिऱ्हाइकाला दुरुस्तीत दमवायचं, तो टेकीला आला की निम्म्याहून कमी पैशांत उचलायची आणि त्याच्याच पैशाने टाकलेल्या सामानासकट पुढच्याला दाखवायची. मेस्त्री दोन्हीकडून खातो. इतकं डोकं सरळ धंद्यात लावलं असतं तर दोघांचं शोरूम झालं असतं.

गाडी टोचण करून मी गावातल्या मेस्त्रीकडे आणली. त्याने ब्लॉक डिझेलने धुतला आणि आरसीवरचा इंजिन नंबर जुळवायला घेतला. जुळेना. इंजिन दुसऱ्याच गाडीचं, आरटीओत कुठेही नोंद नसलेलं. सौद्याच्या वेळी दलालाने चेसिस नंबर मोठ्या कौतुकाने दाखवला होता, तो बरोबरच होता. इंजिन नंबरवर ग्रीस आणि रंगाचा थर. आठ वर्षं उलटलेल्या मालवाहू गाडीचं पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, दरवर्षी करावं लागतं, आणि तिथे दोन्ही नंबर तपासतात. म्हणजे लाखभर घालून इंजिन नवं केलं तरी गाडी रस्त्यावर काढता आली नसती. मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ चेसिसला पट्टी ठोकून वेल्डिंग केलेलं आणि वरून काळा रंग मारलेला, हे तर नंतर सापडलं.

आरसीवर फायनान्सचा बोजा, म्हणजे गाडीवरच्या कर्जाची नोंद होती. “एनओसी आठ दिवसांत येतेय,” म्हणजे कर्ज फिटल्याचं फायनान्सवाल्यांचं ना-हरकत पत्र, असं दलालाने सौद्याच्या वेळी सांगितलं होतं. फायनान्सच्या शाखेत विचारलं तर खातं बंदच झालेलं नाही. गाडी नावावर करायचे, मालकाच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३० माझ्याकडे आहेत, पण बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि एनओसी नसेल तर त्यांचा उपयोग शून्य.

जुन्या गाडीवर खर्च करूच नये, असं मी म्हणणार नाही. पाटे, क्लच प्लेट, ब्रेक, बुश, केबिनचा सडलेला पत्रा, रिमोल्ड टायर, ही सगळी पैसे टाकले की संपणारी कामं आहेत. पण बोजा उतरलेला नसेल, नंबर जुळत नसेल किंवा चेसिसला वेल्डिंग असेल, तर गाडी फुकट मिळाली तरी पाना लावू नका. एमपरिवहन अॅपवर गाडी नंबर टाकला की पासिंगची, विम्याची मुदत आणि फायनान्सची नोंद दिसते. ते इसाराच्या आधी बघा. दुरुस्तीच्या आकड्यात पासिंग, पर्यावरण कर आणि थर्ड पार्टी विमाही धरा. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दराने १६,०४९ रुपये, त्यावर कर वेगळा. आणि गाडी बघायला असा मेस्त्री न्या, ज्याला ते काम मिळणार नाही हे आधीच ठरलेलं आहे. त्याला पाचशे-हजार मोकळ्या हाताने द्या.

पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे. पूर्वी ज्याला चारशेवीस म्हणायचे, ते आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे. ठाण्यात पहिला प्रश्न आला तो पैसे कसे दिले याचा. इसाराचे २०,००० मी यूपीआयने दिले होते, त्याची नोंद फोनवर आहे. बाकीचे रोख. दलालाने स्टँपवर “गाडी जशी आहे तशी घेतली” असं लिहून घेतलंय आणि सौद्याच्या रकमेची जागा कोरी आहे. तसा कागद पुढे आला तर सही करायच्या आधी तिथे रक्कम, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या हाताने लिहा. दलाल नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा.