ब्रश कटर: गवताला झकास, घाणेरीपुढे अपुरा

घाणेरी (लँटाना) काढायला म्हणून ५२ सीसीचा टू-स्ट्रोक ब्रश कटर, म्हणजे इंजिनावर पातं फिरवून झाडोरा कापणारं मशीन, सर्रास विकला जातो. रान त्या दिवशी साफ दिसतं, पण चार पाऊस पडले की त्याच बुडख्यांना आधीपेक्षा दाट फुटवे येतात. घाणेरीचं खोड आणि सोटमूळ जिथे जुळतं, तिथल्या गाठीत फुटव्यांचे डोळे असतात, आणि ही गाठ मातीलगत असते. पातं तिथवर पोचत नाही. जबरदस्तीने खाली नेलं तर दगडाला लागतं, दात उडतो, मशीन उसळतं. नुसत्या गॉगलवर भागवू नका. तोंडावर जाळी आणि नडगीला पॅड हवंच.

पात्याऐवजी लावायची नायलॉन दोरी इथे कुचकामी. तीन दाती पात्याने कोवळ्या फांद्या निघतात. अंगठ्याहून जाड खोडाला ८० दातांचं गोल पातं लावा. तरीही काटेरी फांद्या गिअरपाशी गुंडाळल्या जातात, म्हणून आधी कोयत्याने वरचा पसारा तोडावाच लागतो. वाचलेला वेळ तिथेच जातो.

मुळासकट काढायची तर अरुंद पात्याची कुदळ सरस. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि सहकाऱ्यांची पद्धत साधी आहे: कुदळ तिरकी मारून मातीखाली ३ ते ५ सेंमीवर, गाठीच्या खाली सोटमूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप मुळं वर करून उलटं ठेवायचं. सुलटं टाकलं तर मातीला टेकून ते पुन्हा मूळ धरू शकतं. हे काम फळं पिकायच्या आत उरका. बुलबुल, साळुंक्या फळं खाऊन बी टाकतात, त्यामुळे पुढची दोन-तीन वर्षं पक्षी बसतात त्या झाडांखाली रोपं उपटत राहावं लागतं. पाऊस झाल्यावर ती हाताने सहज निघतात. जमीन उघडी ठेवली तर रानमोडी हे दुसरं तण घुसतं, त्याचं बी वाऱ्यावर येतं. पवन्या, मारवेल, डोंगरी असं स्थानिक गवताचं बी पहिल्या पावसाच्या सुमारास पसरा.

कटर मग घ्यावा का? जाळरेषेवरचं (वणवा अडवायला मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यातलं) गवत कापायला आणि घाणेरीच्या जाळीत कुदळवाल्यांना वाट करून द्यायला जरूर: पाचपैकी चार. घाणेरी संपवायला दीड, त्यातलाही अर्धा गुण वाट पाडण्याबद्दलच.