अपघात भरपाईचा दावा : दोन वकील वापरल्यानंतरचा अनुभव

दोन वकील वापरून पाहिले. पहिला दोन महिन्यांत परत केला, दुसऱ्या वकीलबाई नऊ महिने चालू आहेत. निकाल अजून लागलेला नाही, हे आधीच सांगते. फक्त ‘किती मिळाले’ एवढंच बघायला आला असाल तर इथूनच परत फिरा.

माझं भांडुपला पोळी-भाजी केंद्र आहे. गेल्या वर्षी गणपतीला सहा दिवस असताना एलबीएस मार्गावर मागून टेम्पोने स्कूटरला उडवलं. उजवं मनगट मोडलं, प्लेट बसली. उकडीच्या मोदकांच्या सगळ्या ऑर्डरी नणंदेने एकेकाला फोन करून रद्द केल्या.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात एक गृहस्थ आले, हेच पहिले वकील, आणि घरचंच माणूस असल्यासारखे खाटेशी बसले. “ताई, दहा लाख कुठे जात नाहीत. आत्ता एक पैसा नको, येतील त्यातले पंचवीस टक्के.” उजवा हात गळ्यात बांधलेला, म्हणून कोऱ्या वकिलपत्रावर डावा अंगठा उठवून घेतला. बीकॉम झालेली बाई मी, आणि अंगठा! डिस्चार्ज कार्डही मूळच घेऊन गेले. पुढे कळलं की निकालावर टक्केवारीने फी ठरवायला आणि अशी गिऱ्हाइकं गाठायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. त्यांनी मला दहा लाख सांगितले, पण मी काम काय करते हे एकदाही विचारलं नाही. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. कार्ड परत आणि वकील बदलायला त्यांची ना-हरकत मिळवायला मिस्टरांनी पाच आठवडे खेटे घातले.

वकीलबाई शेजारणीच्या ओळखीतून मिळाल्या. ऑफिस फोर्टला, एका जिन्याखाली, पंखा आवाज करणारा. पहिल्या भेटीत रकमेचं नावसुद्धा काढलं नाही. एफआयआरची प्रत, पंचनामा, टेम्पोच्या विम्याचा पॉलिसी नंबर, बिलं. हे आणा, मग बोलू. मग विचारलं, “दिवसाला किती पोळ्या लाटायचात?” अडीचशे. “आता?” साठ झाल्या की मनगट सुजतं. ते त्यांनी लिहून घेतलं.

त्याचं महत्त्व नंतर समजलं. माझ्या दाखल्यावर हाताचं अपंगत्व 24 टक्के आणि पूर्ण शरीराच्या हिशोबात 8 टक्के आहे. विमा कंपनी अर्थातच आठ धरून बसली आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सांगून ठेवलंय की दाखल्यावरची टक्केवारी म्हणजेच कमाईतली घट नव्हे. त्या माणसाचा धंदा काय, हे बघायचं. तेच मनगट बँकेतल्या साहेबाचं असतं तर गोष्ट वेगळी, पोळ्या लाटणारीचं म्हणजे वेगळी.

हिशोब वकीलबाईंनी पाठकोऱ्या कागदावर करून दाखवला. माझी कमाई महिना 18,000, म्हणजे वर्षाचे 2,16,000. वय 43 आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढच्या वाढीचे 25 टक्के धरून 2,70,000. या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला गुणायचा ठरलेला आकडा, 14. झाले 37,80,000. कमाईतली घट कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे आठ टक्के धरली तर 3,02,400 आणि आमच्या म्हणण्याप्रमाणे वीस टक्के धरली तर 7,56,000. दवाखान्याचा खर्च वेगळा. सगळं भांडण त्या आठ आणि वीसमध्ये आहे.

खरी कसोटी कमाई सिद्ध करण्याची. रिटर्न मी कधी भरलेलं नाही. मग गुमास्ता परवाना, पीठवाल्याची बिलं, डब्यांची वही, जीपेचं दोन वर्षांचं स्टेटमेंट असं गोळा केलं. रोख घेतलेले पैसे कुठेच दिसत नाहीत, ते गेलेच समजा. मेडिकलच्या पावत्यांची शाई तर तीन महिन्यांत उडाली, थर्मल कागद तो. पावती हातात पडली की त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

मुदतीचं बघा. मोटार वाहन कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांत दावा लावायचा असं 2022 पासून आहे. आमचा पाचव्या महिन्यात लागला, त्यातले दोन महिने पहिल्या गृहस्थांनी खाल्ले. पोलिसांनी पहिला अपघात अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत द्यायचा असतो. आमचा सविस्तर अहवाल आम्ही अर्ज दिल्यावर हलला.

चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला थेट अडीच लाख मिळण्याची सोयही त्याच कायद्याच्या कलम 164 मध्ये आहे. हाड मोडणं गंभीर दुखापतीत बसतं. पण ती रक्कम स्वीकारली की मोठा दावा संपतो. घरात यावर दोन रविवार वाद झाला. मिस्टर म्हणाले घेऊन टाक. बिलंच 1,62,000 ची होती, मी नाही म्हटलं. पुढे विमा कंपनीने लोकअदालतीत सगळं मिळून तीन लाख देऊ केले. तिथे एकदा मिटवलं की अपील नाही. तेही सोडले. बरोबर केलं का, ते अजून कळायचंय.

तक्रारी आहेतच. वकीलबाई दुपारी फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲपवर फक्त ‘नोटेड’ येतं. तारखेला जायचं तर भांडुपहून सीएसएमटीची लोकल, अर्धा दिवस बुडाला आणि हातात पुढची तारीख. तीनदा नुसतंच परत आले. पण फी टप्प्याटप्प्याने आणि प्रत्येक वेळी पावतीसह, त्यामुळे पाचपैकी चार.

एक हळहळ मात्र आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईमाणसाला कमाई कितीही असली तरी वकील फुकट मिळतो, हे मला आठव्या महिन्यात कळलं. 15100 या नंबरवर फोन केला असता तर निदान पहिला अंगठा तरी वाचला असता.

यंदा मोदकांच्या ऑर्डरी पुन्हा घेतल्या आहेत, निम्म्याच. उकड मला मळता येत नाही, म्हणून दहा दिवसांसाठी एक बाई ठेवली आहे. वकीलबाईंना सहज सांगितलं, तर त्यांनी तिच्या रोजाची सही केलेली पावती मागितली. या वेळी झेरॉक्स आधी काढली.